बसम्माच्या गिरणीवर शिकलेलं भांडण

भांडणात राजेश्री नेहमी बरोबर असायची आणि नेहमी हरायची. बाजू हिची खरी, पण समोरच्यानं आवाज चढवला की हिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि रडणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? घरी येऊन भांडी घासायला बसली की मात्र एकेक उत्तर असं चोख सुचायचं, की तिच्या नवऱ्यानं, बजरंगनं, एकदा विचारलंच, "हे तितं कामून बोलली न्हाईस?" त्यावर ती त्याच्याशी भांडली आणि तिथंही हरली.

हीच राजेश्री भर ग्रामसभेत भगवानरावांसमोर उभी राहिली आणि आपलं बोलणं पुरं करूनच खाली बसली. ती हे सांगायला लागली की स्वतःचं कौतुक बाजूला ठेवून आधी बसम्माचं नाव घेते. घ्यायलाच हवं.

गाव गंगाखेड रस्त्यावरच्या फाट्यापासून आत आहे. एसटी फाट्यावर थांबायची. तिथून गावापर्यंत दोन्ही अंगांनी ऊस. वाढला की माणूस दिसेनासा होतो. गावातल्या कितीतरी पोरींचं कॉलेज ह्याच रस्त्यावर संपलं. कुणी पोरींना शिकू नका म्हटलं नाही. फक्त रोज कोण सोडणार, कोण आणणार, एवढंच विचारलं, आणि त्याला कुणाकडं उत्तर नव्हतं.

राजेश्रीची सृष्टी दहावी झाली. मार्क असे पडले की शाळेतल्या बाई स्वतः घरी येऊन पेढा देऊन गेल्या. गंगाखेडला अकरावी सायन्सला नाव लागलं. बजरंग काही दुष्ट बाप नव्हता. तो सरळ म्हणाला, "बस गावात आली तर खुशाल जाऊ दे. न्हाई तर त्या उसातनं रोज एकटी पोर धाडायची जिम्मेदारी मला झेपायची न्हाई." आता सगळं बसवर येऊन ठेपलं. आगारातून माणूस येऊन पाहून गेला होता. चौकात वळायला जागा करून द्या, गाडी सकाळ-संध्याकाळ आत येईल, असं त्यानं सांगितलं होतं. जागा का नव्हती, तर वळणावरच भगवानरावांचा ओटा होता.

भगवानराव माजी सरपंच. बजरंगचे लांबचे चुलते, म्हणून राजेश्रीला सासऱ्याच्या जागी. ती त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्यासमोर पदर सावरून घ्यायची. सरपंच असताना त्यांनी घरासमोर तो दगडी ओटा बांधला आणि पद गेल्यावरही ओट्यावर बसणं सोडलं नाही. सकाळी चहा, पेपर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा रामराम. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिली जीप त्यांचीच निघायची. पण वादात! वादात इतका बेइमान माणूस तालुका पालथा घातला तरी मिळणार नाही.

निकालानंतरच्या ग्रामसभेत राजेश्रीनं पहिल्यांदा विषय काढला. सरपंच सुकेशनीताईंनी तिला बोलायला सांगितलं. ती उठली, म्हणाली, "मामा, बस वळायला तुमचा ओटा आडवा यायलाय. तेवढा मागं घेतला तर पोरींची सोय होईल." झालं. एवढंच बोलायचं होतं, आणि एवढंच बोलणं झालं असतं तर बरं झालं असतं.

भगवानराव हसले. "सूनबाई, तुमच्या चुडाव्याला रेल्वे टेसन हाय. तुमाला काय ठाऊक ह्या गावचे रस्ते कसे झाले ते?" राजेश्री गडबडली. चुडावा तिचं माहेर. ती सांगायला लागली की लग्नाला किती वर्षं झाली, आता हेच माझं गाव. तोवर ते पुढं सरकले होते. "बसचं सोडा, आधी नालीचं बोला. दारात गटार तुंबलंय आन बाईला बस पायजे." मग नाली. नालीवरून ते बजरंगच्या ट्रॅक्टरवर आले. ट्रॅक्टर रस्त्यात उभा असतो तो कुणाला दिसत नाही का? राजेश्री ट्रॅक्टरबद्दल बोलायला लागली तर ते अचानक गंभीर झाले. "म्हंजी मी रस्ता खाल्ला, मी चोर हाय, आसंच म्हणायलीस ना तू?" ती म्हणाली, "न्हाई मामा, आसं कुटं म्हनले मी?" आणि तिचा आवाज चढला. मग काय विचारता! भगवानरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बघा रे बाबांनो. घरची सून भरसभेत म्हाताऱ्यावर वरडायली. आणा जेसीबी. ओटा कामून, मलाच उचला."

सभेत चुकचुक सुरू झाली. राजेश्रीचे डोळे भरले. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, मोठ्या माणसाची बेइज्जती नको, आणि सभा चहावर संपली. ओटा वळणात येतो की नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सृष्टी मागं बायकांत बसली होती. आई उठायच्या आधीच पोरगी घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी राजेश्री ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेली.

गिरणी त्याच चौकात, ओट्याच्या समोर. पुढं पत्र्याचं छप्पर, त्याखाली बायका डबे घेऊन बसायच्या. बसम्मा आत. डोक्याला पांढरं फडकं, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि भुवयांवर पीठ. नवरा बसवंतराव गेला तेव्हा पोरगा शिवकांत लहान होता. शिवकांत आता लातूरला नोकरीला आहे, आईला ये म्हणतो; आई म्हणते, तिकडं पीठ विकत आणतात, तिथं मी काय करू? गिरणीवर चिठ्ठी नाही, नंबर नाही. कुणामागं कोण हे प्रत्येक बाईच्या डोक्यात असायचं. बसम्माचा नेम एकच: ज्वारी चालू असताना गहू ओतायचा नाही. एकाचं दळण पुरतं खाली उतरलं, दगड झाडून झाले, की मगच दुसऱ्याचं. मागं एकदा कुणा घाईच्या बाईनं ज्वारीवर गहू ओतला होता. त्या पिठाची ना धड भाकरी झाली ना पोळी, आणि दोन घरांत महिनाभर बोलणं नव्हतं.

राजेश्रीनं डबा ठेवला आणि काल काय झालं ते सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता पुन्हा रडली. बसम्मानं गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर छपराखालच्या बायकांनीही कान इकडं लावले.

"तू काय बोलायला गेलतीस?" बसम्मानं विचारलं.

"ओट्याचं."

"आन काय बोललीस?"

राजेश्रीला आठवेना. माहेराचं, नालीचं, ट्रॅक्टरचं, चोराचं. ओटा सोडून सगळं.

"त्येनं येक येक डबा पुढं केला आन तू घेतलास ओतून," बसम्मा म्हणाली. "तुझी ज्वारी गेली त्याच्यात. त्याला तेच पायजे हुतं."

मग तिनं आपलं सांगितलं. बसवंतराव गेल्यावर दिरांनी बैठक बसवली होती. गिरणी कुणी चालवायची एवढाच सवाल. पण एक दीर भावाच्या नावानं रडायला लागला, दुसऱ्यानं ती मागच्या दिवाळीला उदगीरला माहेरी का गेली ते काढलं, तिसरा म्हणाला बाईचं लुगडं पट्ट्यात गेलं तर आम्ही काय तोंड दाखवायचं? बसम्मा दिवसभर एकेकाला उत्तरं देत बसली. दिवेलागणीला बघते तर गिरणीला कुलूप. "मला वाटलं, माझंच डोस्कं कमी. मग उमजलं. मी सगळ्याला उत्तर दिलं, फक्त माझं इचारायचं राहून गेलं." तिनं आठवड्यानं तेच लोक पुन्हा बोलावले आणि एकच गोष्ट विचारली: मी गिरणी चालवली तर तुमचं काय जातं? दीर रडला. ती थांबली. रडून झाल्यावर पुन्हा तेच विचारलं. संध्याकाळी कुलपाची किल्ली तिच्या हातात आली, ती आजतागायत.

"मग मी काय करू, मावशी?"

"रांगेत ठेवायचं त्याचं. फेकायचं न्हाई, उघडायचं बी न्हाई. मामा, तुमचं ठेवलंय, आधी माझं उतरू द्या, आसं म्हणायचं." थोडं थांबून बसम्मानं बोट रोखलं. "पण नंबर आला की त्याचं बी दळायचं बरं का. न्हाई तर तुझ्यात आन त्याच्यात काय फरक?"

त्या दिवसापासून गिरणीवर रोज तालीम. बसम्मा डोक्याचं फडकं काढून टोपीसारखं हातात घ्यायची आणि भगवानराव व्हायची, इतकी हुबेहूब की छपराखालच्या बायका हसून लोळायच्या. "म्हंजी मी चोर?" राजेश्री लगेच "न्हाई मामा" म्हणायची. "घेतलास का न्हाई डबा!" बसम्मा ओरडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी ती सृष्टीवर घसरायची, पोरी बसमध्ये काय धंदे करतात सगळं माहीत आहे आम्हाला, असलं काहीबाही. तेव्हा राजेश्री खरोखर संतापायची. "हे तर तो बोलणारच," बसम्मा शांतपणे म्हणायची. "आजच संतापून घे. तितं नको." हळूहळू राजेश्रीला कळायला लागलं की भगवानराव काही जादू करत नाहीत. त्यांच्याकडं मोजकेच डबे आहेत, आणि आलटून पालटून तेच ते पुढं करतात. भीती निम्मी तिथंच गेली.

कॉलेज उघडायच्या तोंडावर सुकेशनीताईंनी खास ग्रामसभा घेतली. ही शेवटची संधी होती. आगाराला कळवायचं होतं, आणि बजरंगनं सृष्टीची फी भरायची थांबवून ठेवली होती. गिरणी बंद करून बसम्मा आली, तिच्यामागं छपराखालच्या सगळ्या बायका आल्या.

राजेश्री उठली. विचारलं ते नीट. "मामा, मला येवढंच इचारायचंय. तुमचा ओटा बसच्या वळणात येतोय का न्हाई?"

"सूनबाई, चुडाव्याला..."

"माहेराचं ठेवलं, मामा. आधी माझं उतरू द्या. ओटा वळणात येतोय का न्हाई?"

"आधी नालीचं..."

"नाली माहेराच्या मागं!" मागून एक बाई म्हणाली. बायका हसल्या. त्यांना गंमत करायची नव्हती. कुणाच्या मागं कोण, हे लक्षात ठेवायची त्यांना रोजचीच सवय.

भगवानरावांनी ट्रॅक्टर काढला. तो नालीच्या मागं लागला. ओटा हटवायचा सरकारी कागद दाखवा म्हणाले, तो कागदही रांगेत गेला. मग टोपी काढली. "म्हंजी मी चोर हाय?"

राजेश्रीच्या ओठावर "न्हाई मामा" आलं होतं. तिनं ते गिळलं. "तुमी चोर हाव का न्हाई ते बी इचारू, मामा, नंबर आला की. ओटा वळणात येतोय का न्हाई?"

आता सभेत कुणी चुकचुकलं नाही. सगळे भगवानरावांकडं बघत होते, आणि विचारलेलं एवढं सोपं होतं की लहान पोरालाही त्याचं उत्तर ठाऊक होतं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शेवटी पुटपुटले, "येतोय. पण..."

"पण रांगेत," सुकेशनीताई म्हणाल्या, आणि ओटा मागं घ्यायचा ठराव मांडला. हात वर झाले. राजेश्रीनं मागं वळून पाहिलं तर बजरंगचाही हात वर होता.

खरं तर इथं थांबता आलं असतं. जिंकलेला माणूस सहसा थांबतोच. पण राजेश्री म्हणाली, "मामा, आता तुमचं." माहेर काढल्याबद्दल भगवानराव स्वतःच ओशाळले, ते सोडा म्हणाले, चोराचा आणि कागदाचा डबाही त्यांनी आपणच मागं घेतला. नाली उपसायचं ठरलं, कारण ती खरंच तुंबली होती. ट्रॅक्टर खरंच रस्त्यात असायचा. राजेश्रीनं तसं भरसभेत मान्य केलं, बजरंग लाल झाला आणि उद्यापासून खळ्यात लावतो म्हणाला. सभेत कसं हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात भगवानरावांना आणखी एक सापडलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग बसम्माच्या पत्र्याचं काय? त्यो न्हाई का वळणात? का तो तुमचा हाय म्हणून चालतोय?"

हे त्यांनी निव्वळ डिवचायला काढलं होतं, ह्यात शंकाच नाही. मी बुडालो तर तुलाही घेऊन बुडतो, असला तो हिशेब. पण राजेश्रीनं ग्रामपंचायतीच्या खिडकीतून चौकाकडं पाहिलं. छपराचे खांब खरंच रस्त्यात होते. रोज त्याखाली बसून कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"मामा, म्हाताऱ्या बाईच्या पोटावर कामून उठलाव?" ती तिरीमिरीत म्हणाली. "नवरा नसलेली बाई, इतकी वर्षं..."

"राजे, थांब." बसम्मा उभी राहिली होती. "हे तू त्येचंच बोलायलीस."

राजेश्री मागं वळली.

"माझं वय आन माझा नवरा रांगेत ठेव," बसम्मा म्हणाली. "पत्रा वळणात येतोय का न्हाई?"

राजेश्रीला उत्तर देणं भाग होतं, आणि ज्या बाईमुळं ती आज उभी होती, तिच्याच विरोधात द्यायचं होतं. तिनं दिलं. "येतोय, मावशी."

"मग काढते," बसम्मा म्हणाली, आणि खाली बसली.

ओटा जेसीबीनं काढला. छपराचे खांब बजरंगनं आणि गावातल्या पोरांनी उपसले. चौक एकदम भुंडा दिसायला लागला. बायका डबे घेऊन भिंतीच्या सावलीला सरकून बसायला लागल्या, आणि दुपारी सावली गेली की डोक्यावर पदर घेऊन उन्हात. राजेश्रीला रोज ते बघून चुटपुट लागायची. बसम्मा म्हणायची, दळण लवकर उरकतंय, गप्पा कमी झाल्या.

आणि मग एका सकाळी बस आत आली. अख्खं गाव चौकात. सृष्टी नव्या दप्तरासकट पहिली चढली. ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली, मागं घेतली, चाक पूर्ण फिरवलं. गाडीचा मागचा भाग गिरणीच्या दारावरून, जिथं आधी खांब होते तिथून, हळूच फिरून गेला. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "नुसत्या त्या ओट्यानं भागलं नसतं बघा. ही गिरणीची बाजू मोकळी नसती, तर मी गाडी माघारी नेली असती आन परत आणली नसती."

राजेश्रीनं धावत जाऊन बसम्माचे पाय धरले. मावशी, तुमी नसताव तर माझी पोर घरात बसली असती, एवढंच कसंबसं निघालं. बसम्मानं तिला उठवलं, पिठाच्या हातानंच तिचं तोंड पुसलं. "माझं झालं. आता तिकडं बी जाऊन ये."

"कुटं?"

बसम्मानं हनुवटीनं चौकापलीकडं दाखवलं. ओटा होता त्या मोकळ्या जागेच्या मागं, दाराला टेकून भगवानराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पेपर हातात होता, पण वाचत नव्हते. रामराम घालायलाही कुणी थांबत नव्हतं, सगळे बस बघत होते.

राजेश्री गेली. पदर सावरला. "मामा, तुमी पत्र्याचं काढलं म्हणून बस वळली. कुणाच्याच ध्यानात नव्हतं. तुमचे उपकार झाले माझ्या पोरीवर."

भगवानरावांनी तिच्याकडं पाहिलं. ह्यात टोमणा कुठं आहे, हे ते शोधत होते. टोमणा नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली. चौकात बसचा हॉर्न वाजला.

"पोरगी खिडकीला बसली का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बसली, मामा."

"सांजच्याला उतरायच्या टायमाला मी इतंच हाय. तू रानात आसलीस तरी फिकीर करू नको."

राजेश्रीला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी भगवानराव दारात खुर्ची टाकून बसतात, आणि गावातली शेवटची पोर बसमधून उतरून आपल्या घराच्या वाटेला लागल्याशिवाय आत जात नाहीत.